बटण सोड

आमच्या शिरपूरच्या ख्रिस्ती मंडळीत तरुण पोरं मला विचारतात, "नाना, देव खरंच बोलतो का?" मी सांगतो, बोलतो. पलटणीत सतरा वर्षं रेडिओ ऑपरेटर होतो, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतो. समोरून आवाज आला नाही, तर आधी स्वतःचं बोट कुठे आहे ते पाहावं. सेटचं बटण दाबून ठेवलं की आपण बोलतो. ते सोडल्याशिवाय समोरचं ऐकू येत नाही. आमचे पाळक सलग वीस मिनिटं प्रार्थना करतात, तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघतो. ते हसतात, पण प्रार्थना आवरत नाहीत.

मी मूळचा सातपुड्यातल्या पाड्यावरचा, याकोब पावरा. पोस्टिंग उत्तरेकडे बर्फात होती. रोज पाच वाजता उठायचं, सेट तपासायचा, बॅटरी जॅकेटच्या आत उबेला ठेवायची. मी प्रार्थनाही न चुकता करायचो. देवाला दिवसाची कामं सांगायची, आमेन म्हणायचं आणि बूट चढवायचे. माझ्या तुकडीतला नाईक सुरवाडे नशिराबादचा. घर बौद्ध, माणूस मोजकं बोलणारा. तो मला चिडवायचा, "तुह्या देवाले बोलू दे ना भो कधी."

त्या दिवशी आम्ही सहा जण गस्तीवरून परतत होतो. कमांडर सुरवाडे. दुपारी १३३५ला, म्हणजे एक पस्तीसला, शेवटच्या नाल्यापाशी आलो. पलीकडे पोस्ट दिसत होती, चहाचा धूरसुद्धा. दोन दिवस बर्फ पडून ऊन आलं होतं. नाला ओलांडण्याआधी पोस्टला विचारायचं, हा नियम होता. मी विचारलं.

पोस्टवरून सुभेदार साहेब म्हणाले, "थांबा. वरचा उतार बघतोय. ओव्हर."

मी बटण दाबलं. एका जवानाचे पाय बधिर झाले होते. सगळे थकले होते. काम पंधरा मिनिटांचं होतं. हे सगळं मी साहेबांना समजावून सांगू लागलो. हुकूम मिळाला होता. तरी मी वाद घालत होतो.

सगळ्यात पुढे चालणारा स्काऊट होता सिपाही गोरे. मी बोलतोय हे त्याने पाहिलं, आता परवानगी मिळणारच असं धरलं आणि नाल्यात पाऊल टाकलं.

तेव्हा मला आतून ऐकू आलं. बटण सोड. कानात नव्हे, पण कोणी शेजारी बसून सांगावं इतकं स्पष्ट. पुन्हा आलं. बटण सोड. तो आवाज कोणाचा, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. मी मनात म्हटलं, एवढं वाक्य पुरं करतो.

वाक्य पुरं केलं आणि बटण सोडलं. साहेब ओरडत होते, "...स्काऊट मागे घ्या, वरची कड सुटतेय, स्काऊट..."

सुरवाडे माझ्या शेजारीच उभा होता. "समजलं. करतो," एवढंच म्हणाला आणि धावला.

गोरे पंधरा पावलं आत गेला होता. वारा उलटा, डोक्यावर हूड. हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. सुरवाडेने त्याला गाठलं आणि काठाकडे ढकललं. १३४१ला उतार खाली आला. गोरे कंबरेपर्यंत गाडला गेला, त्याला लगेच ओढून काढलं. सुरवाडे १४२०ला सापडला. श्वास थांबला होता.

मी बटण वेळेवर सोडलं असतं, तर गोरे दोन पावलांवर असता आणि हात धरून मागे ओढता आला असता. चौकशीत मी हे सांगितलं. साहेब म्हणाले, दोष उताराचा. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

सुट्टी मिळाल्यावर नशिराबादला गेलो. सुरवाडेची आई, अक्का, दारात गहू निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आतून आलेल्या आवाजासकट. तिचे हात थांबले.

"तुले ऐकू आलं व्हतं?"

"हो, अक्का."

"आन् तू बोलतच राह्यला."

"हो."

 तिने सूप बाजूला ठेवलं. "माह्या पोरानं ऐकलं. आता तू बी ऐकत जाय." आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते रडत प्यायलो.

तेव्हापासून मी प्रार्थनेत आधी गप्प बसतो. काही सांगितलं गेलं, तर त्याच दिवशी उठून करतो. भावाशी बारा वर्षांचा अबोला होता, तो असाच एका सकाळी जाऊन मोडला. माफ झालं आहे, हे मी जाणतो. देवाने मला क्षमा केली आणि पुन्हा सेटवर बसवलं, असं मी मानतो.

दर रविवारी उपासनेआधी मी पोरांना दोन मिनिटं शांत बसवतो आणि एक नाव सांगतो. नाईक सुरवाडे, नशिराबाद. माझ्या देवाचं नाव त्याने कधी घेतलं नाही. पण आज्ञा पाळणं म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकलो. साहेबांचं वाक्य अजून संपलं नव्हतं आणि तो निघाला होता.