अज्ञात इसम

दहिवलीचे मनोहर ठोंबरे मोबाईलवर तालुक्याच्या बातम्या देतात. मोटरसायकलवर त्यांनी ‘निर्भीड पत्रकार’ असं रंगवून घेतलंय आणि ती अक्षरं आपल्या अंगच्या धैर्यापेक्षा मोठी झालीत, हे त्यांना स्वतःलाही कळतं. त्यांचा लाडका शब्द एकच, अज्ञात इसम. देवळाची घंटा नेणारा अज्ञात इसम, डोंगर पोखरून मुरूम विकणारा अज्ञात इसम. तालुक्यातले झाडून सगळे अज्ञात इसम मनोहररावांना नावानिशी ठाऊक आहेत, आणि दोघातिघांच्या घरचं लग्नाचं जेवणही त्यांनी चापलंय.

परवा मुरमाच्या डंपरनं त्यांचंच कुंपण उडवलं आणि आतला कलमी आंबाही आडवा केला. मनोहरराव पेटले. मोडक्या कुंपणापाशी उभं राहूनच त्यांनी जळजळीत बातमी लिहिली, पण शेवटी सवयीनं बोट घसरलं: ‘अज्ञात इसमावर कारवाई व्हावी.’

बातमी तालुकाभर मोबाईलवर गेली. बायकोनं, छायानं, ती वाचली.

“अज्ञात? अवो, किसनशेठ सोता डंपरात बसला व्हता. जाताना त्यानं हात केला, तुमीपन केलात.”

मनोहरराव खाकरून ‘संपादकीय धोरण’ असं काहीतरी पुटपुटले, तेवढ्यात फोन वाजला. किसनशेठच होता.

“मनोहर, बातमी वाचली रं. झकास हाय. माझं नाव नाय टाकलंस, बरं केलंस. आता मला कुनी इचारलं ना, कुंपन कोनाचं मोडलं, तर मी पन सांगेन, असंल कोना अज्ञात इसमाचं.”