आमच्या पाड्यावर नळ आहे

माझ्या कमरेवरचा भरलेला हंडा ठेकेदारानं काढून घेतला आणि साहेबाच्या गाडीच्या काचेवर ओतला.

काच धुळीनं माखली होती. पेठकडच्या डोंगरात आमचा पाडा. तिथवर गाडी चढवायची म्हणजे धूळ खावी लागतेच. साहेब आमच्या नळाचं उद्घाटन करून निघाले होते. ड्रायव्हर म्हणाला, पुढचं काही दिसत नाही. ठेकेदारानं इकडंतिकडं पाहिलं. जवळ मी उभी होते. त्यानं विचारलं नाही. हंडा घेतला, ओतला, रिकामा करून माझ्या पायाशी ठेवला.

"भर परत. आता काय, गंगा आलीय तुमच्या दारात."

माणसं हसली. मी नळ फिरवला. आतून नुसती हवा आली. सकाळी टँकर आणून वरच्या टाकीत पाणी सोडलं होतं, ते संपलं होतं. कार्यक्रमापुरतंच होतं ते.

त्याआधी माझा फोटो काढला होता. मी चांगली साडी नेसून गेले होते, माहेरची. ठेकेदार म्हणाला, "ही नको. घरातली जुनी नेसून ये. फोटोत आदिवासी दिसायला पाहिजे." मी घरी जाऊन साडी बदलून आले. मग म्हणाला, "हस की जरा. मयताला आलीस का?"

मी हसले.

हंडा रिकामा झाला तेव्हा राग आला का? नाही आला. लाज वाटली. पाणी जसं काही माझ्याच हातून सांडलं होतं. रिकामा हंडा घेऊन सगळ्यांच्या देखत घरी आले. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. रिकामा हंडा पदरानं झाकत चालले.

मी खोटं कशाला बोलू, सरकारी निधी येतो. खाली गावठाणात आला आणि दिसलाही. शाळेचे गळके पत्रे जाऊन वर स्लॅब पडला. मुलींसाठी संडास झाले, तेव्हापासून मोठ्या पोरी शाळा सोडत नाहीत. आरोग्य केंद्रात डिलिव्हरीची खोली झाली. गावठाणात घराघरात नळ आहे आणि त्याला पाणी येतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. ते बघून आम्हालाही वाटलं, आता आपली पाळी.

आमच्याकडं पाइप आला. टाकी आली. तिला निळा रंग दिला. पाणी वर चढवायची मोटार मात्र आली नाही. ठेकेदाराला विचारलं की तो म्हणायचा, "येईल. सरकारी काम हाय." गावठाणातला तो, सरपंचाचा पुतण्या. आमच्या पाड्यातले निम्मे गडी त्याच्याच कामावर. माझा नवराही. कोण किती विचारणार?

आम्ही झिऱ्यावरच जात राहिलो. दरीच्या तळाशी दगडांतून पाणी झिरपतं, वाटीनं भरावं लागतं. उतरताना जीव मुठीत, चढताना हंडा डोक्यावर.

उद्घाटन झालं त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी जाऊ हिरा झिऱ्यावरून चढताना पडली. सातवा महिना होता तिला. मी तिच्या पुढं होते. भांडं दगडावर आपटल्याचा आवाज आला म्हणून मागं वळले. हिरा पोटाशी हात धरून बसली होती. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, पाणी सांडलं."

घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली. गड्यांनी तिला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपनं आरोग्य केंद्रात.

सिस्टर वाईट नव्हती. तिनं लगेच तपासलं. पोटावर यंत्र लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन करून गाडी बोलावली, म्हणाली, नाशिकला न्यावं लागेल. नळाखाली हात धुता धुता तिनं मला विचारलं, "पडली कशी?"

"झिऱ्यावर गेलो होतो."

"अशा दिवसांत झिऱ्यावर? आणि कशाला? तुमच्या पाड्यावर नळ आहे ना?"

मी काही बोलायच्या आत तिनं भिंतीकडं बोट केलं. मोठा फ्लेक्स होता. जुनी साडी, कमरेवर भरलेला हंडा, हसरं तोंड. वर लिहिलं होतं, 'आता पायपीट संपली!'

"ही तूच ना?"

मीच होते.

सिस्टरच्या हातावर नळाची जाड धार पडत होती. मी त्या धारेकडं बघत राहिले. सांगायचं होतं, बाई, तो नळ खोटा आहे. पण मी तर भिंतीवर हसत होते. माझं तोंडच माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. आतून हिरा कण्हत होती आणि मी मान खाली घालून उभी.

नाशिकला मूल मेलेलंच जन्माला आलं. हिरानं विचारलं, "काय होतं?" मी सांगितलं, पोरगी. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. त्या दिवशी मला कळलं, माझ्याकडून काय काढून घेतलं होतं. हंडा राहू द्या. उद्या मी रडले तरी कुणी विश्वास ठेवू नये, याची सोय त्यांनी माझ्याच हसण्यातून करून घेतली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ठेकेदार घरी आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "उद्या नाशिकहून पाहणीला साहेब येणार. मागच्यासारखी उभी राहा. टँकर सांगितलाय, सगळ्यांना पाणी मिळेल."

"मी नाय उभी राहणार."

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. नवऱ्याला म्हणाला, "बायकोला समजाव. तुला कामावर यायचंय ना?"

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "घडीभर उभं तर राहायचंय. पाणीबी भेटंल." तो चुकीचं बोलत नव्हता. घरात घोटभर पाणी उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकांची रांग लागली. कुणालाच दोष देत नाही मी. पाणी होतं ते, टँकरचं असलं तरी. हिरापण रांगेत होती. साहेब नळापाशी आले तशी मी पुढं झाले.

"साहेब, हे टँकरचं पाणी हाय. नळाला पाणी येत नाय. मोटारच बसवली नाय."

ठेकेदार पटकन मध्ये आला. हळू आवाजात साहेबाला म्हणाला, "सर, हिच्या जावेचं मूल गेलं. तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय."

साहेबानं कणव आल्यासारखी मान हलवली. मला म्हणाला, "ताई, काही तक्रार असेल तर लेखी द्या."

तेवढ्यात रांगेतून हिरा बोलली. त्या पोरीनंतर ती फार बोलतच नसे. "मूल माझं गेलं, साहेब. माझं डोकं ठिकाणावर हाय. सांजपर्यंत थांबा इथं. मग नळ सोडून बघा."

साहेबानं घड्याळ पाहिलं. अजून दोन गावं करायची आहेत म्हणाला. गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेली तशी ठेकेदारानं टाकीमागं उभ्या टँकरचा पाइप टाकीतून काढून घेतला. अर्धा टँकर भरलेला होता. तो तसाच खाली गेला. निम्म्या बायकांचे हंडे रिकामे राहिले. त्या ठेकेदाराला काही बोलल्या नाहीत, मला बोलल्या. "तुझ्यापायी गेलं पाणी. तुला लय शहाणपण." सासूनं दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. नवऱ्याला कामावरून कमी केलं. तो आता द्राक्षबागेत मजुरीला जातो, तिकडंच राहतो. मोटार अजून बसलेली नाही. हिरा आणि मी झिऱ्यावर जातो.

मी लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, पुढं काही नाही. ग्रामसभेत बोलायला उठले तर सरपंच म्हणाले, "बस खाली, तुमच्या पाड्याचं काम पूर्ण झालंय." बायकांनी मला ओढून बसवायला पाहिलं. हिरानं ओढलं नाही.

मी बसले नाही. सभा संपेपर्यंत उभी होते. काही झालं नाही त्यानं.

पुढच्या सभेलाही जाणार. पाणी नाही, एवढंच बोलणार. वेडी म्हणा, काही म्हणा. आमच्या पाड्यावर पाणी आलं, हे आता माझ्या तोंडून कुणाला वदवून घेता येणार नाही. फोटोतसुद्धा नाही.