मस्तगडातलं बिनपिस्टनचं इंजिन

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांनी भरलेली पत्र्याची पेटी होती. धम्म स्वीकारल्यावर वडिलांनी जुने देव नदीत सोडले आणि त्यांच्या जागी ती पेटी ठेवली. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. त्यातून दोन सवयी अंगात भिनल्या. कुठलीही गोष्ट आधी तत्त्वावर घासून पाहायची, आणि घरात काही ठरवायचं असेल तर रीतसर ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, वर झालेले हात मोजायचे. बहिणीचं स्थळ, भिंतीचा रंग, कुत्रा पाळायचा की नाही, सगळं असंच ठरलं. सत्तरच्या दशकात माझ्या मामांनी धावड्याला विमान बांधायला घेतलं, तेव्हा त्याला कुठलं इंजिन बसवायचं हेही असंच ठरणार होतं.

मामा जाफराबादला एसटीच्या गाड्या दुरुस्त करायचे. रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातले नकाशे समोर ठेवून त्यांनी घरामागच्या गोठ्यात सायकलच्या नळ्यांचा सांगाडा जोडला. मांजरपाटाचे पंख मामींनी शिवले आणि त्यावर वार्निशचे हात दिले. गावात आमच्या माणसांनी कुठल्या वाटेनं जायचं हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं होतं. मामांचं म्हणणं एवढंच होतं, "वर कुनाची वाट न्हाई." गावकरी हसायचे. हसणाऱ्यांतले निम्मे संध्याकाळी गुपचूप गोठ्यात डोकावून जायचे.

इंजिन मी शोधलं. मी जालन्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचो. तिथल्याच मस्तगड भागातल्या एका भंगारवाल्याकडे, ज्याला सगळे चाचा म्हणायचे, एक चेपलेली परदेशी मोटार येऊन पडली होती. कुणा गोऱ्या जोडप्यानं ती अजिंठ्याच्या रस्त्यावर झाडाला धडकवली आणि तिथंच टाकून दिली. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हता. पोटात एक तीन कोनांची लोखंडी फिरकी होती, ती नुसती गोल फिरायची आणि दांडा फिरवायची. शेजारीच जुन्या जीपचं इंजिन पडलं होतं. त्यात चार पिस्टन, जन्मभर वर-खाली, वर-खाली.

मला आणखी काय हवं होतं? मी त्याच रात्री पत्रक लिहिलं: ज्या यंत्रात कोणी वर नाही, कोणी खाली नाही, तेच आपलं यंत्र. छापखान्यातच शंभर प्रती काढल्या आणि रविवारी धावड्याला जाऊन ठराव मांडला.

"जीपचं घ्या," मामी म्हणाल्या. "जीप म्या चालताना पाह्यलीय. हे तुमचं फिरकीचं कोनी पाह्यलंय?"

"मामी, हे हलकं आहे. आणि तत्त्वानं बघितलं तर..."

"तत्त्वात बसून उडनार हायेत का तुझे मामा?"

एक हात बाजूनं, एक विरोधात. आम्ही दोघं मामांकडे पाहू लागलो.

"बसनार मी हाये," मामा म्हणाले. "इंजिन ऐकल्याबिगर मी हात वर करीत न्हाई. तू अजून ऐकलं न्हाईस, सेक्रेटरी, आन पत्रक काढून मोकळा झालास."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मस्तगडला गेलो. चाचांनी मोटारीतून इंजिन काढून ठेवलं होतं.

"फिटरसाब, जहाज बनाके किधर जाते?"

"वर," मामा म्हणाले.

"बराबर. पन सुनो, माल गल्ली के बाहर गया तो वापस नहीं."

म्हणजे जो काही निकाल लावायचा तो तिथंच.

मामांनी ठिणगीचा प्लग काढला. फिरकीला तीन बाजू. दांडा हातानं फिरवला की एकेक बाजू त्या भोकासमोरून जाते आणि दाबलेली हवा फुस करून बाहेर येते. तीन फुस झाल्या की फिरकीची एक फेरी. तिन्ही सारख्या हव्यात. विमानात हे इंजिन मधेच बंद पडलं तर खाली थांबायला जागा नसते, हे मामांनी मला वाटेतच सांगितलं होतं.

"कान लाव," ते म्हणाले. वर्कशॉपात इतकी वर्षं काढल्यावर त्यांचे दोन्ही कान मंद झाले होते. ऐकणारा मीच.

त्यांनी पान्यानं दांडा फिरवायला घेतला. मी भोकापाशी वाकलो. फुस. चांगली दणकट. मग एक बारीक. मग आणखी एक बारीक. पुन्हा दणकट, बारीक, बारीक. मी आणखी दोन फेऱ्या मागितल्या. तेच.

तीनपैकी दोन बाजू गेलेल्या. म्हणजे माझं इंजिन मेलेलं होतं. पिशवीत उरलेली साठ-सत्तर पत्रकं होती. "बराबर आहे" एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर मामांनी हात वर केला असता, आणि ते म्हणायचा मोह मला झाला. तो झाला हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. पण ज्या माणसाला त्यात बसायचं होतं तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मामा, एकच चांगली आहे."

"मोठ्यानं सांग."

"एक चांगली. दोन बारीक," मी ओरडलो. चाचांच्या दुकानात बसलेले सगळे वळून बघायला लागले. "ठराव मागे घेतो."

मामा मात्र खूश दिसले. "बारीक दोनच हायेत ना? मंग एकच पट्टी गेली."

ते मातीत बसले आणि बोटानं त्रिकोण काढला. फिरकीच्या प्रत्येक कोनावर एक पट्टी असते, ती भिंतीला घासत फिरते आणि दोन बाजूंची हवा वेगळी ठेवते. "कोन एक, पन शेजारी दोन. हा कोन गळायला लागला की इकडच्याचीबी हवा जाते आन तिकडच्याचीबी. पट्टी मी बिडाची घासून बनवतो. भिंतीला चरे पडले असतील तर मंग सोडून देऊ."

त्यांनी धुराच्या भोकातून बॅटरी मारली, वाकडी तार आत घालून सगळीकडून फिरवली. तार कुठं अडली नाही.

"उचल," ते म्हणाले.

बांबूला बांधून आम्ही दोघांनीच ते इंजिन मोटार स्टँडपर्यंत नेलं. जीपच्याला चार माणसं लागली असती. मागून चाचा म्हणाले, "उपर से हमारे कू सलाम करना."

मामांनी पट्टी घासायला तीन आठवडे घेतले. पहिली तुटली, दुसरी जाड झाली, तिसरी बसली. मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर छापखान्याचे हिशेब लिहून टाकले. वर-खाली नसलेलं यंत्रही एका कोपऱ्यातून फुटतं आणि शेजारच्या दोघांना घेऊन बुडतं, हे माझ्या पत्रकात नव्हतं. पुढच्या पत्रकात घातलं.

तपासणीच्या दिवशी मी कान लावायला पुढं झालो तर मामींनी मला बाजूला सारलं.

"तुझा कान तुझ्या बाजूचा हाये. सर."

त्यांनी भोकावर तळहात ठेवला. मामांनी दांडा फिरवला. मामी डोळे मिटून हवा मोजत होत्या. एक. दोन. तीन. पुन्हा एक, दोन, तीन. त्यांनी सहा फेऱ्या घ्यायला लावल्या, मधे एकदा पदराला हात पुसला.

"समदे सारखे हायेत," त्या म्हणाल्या आणि तेलानं काळा झालेला तोच हात वर केला.

मग मामांनी केला. मी सगळ्यात शेवटी.