ग्लासगोकारांची बाव

माझ्या सासऱ्यांना गाव ग्लासगोकार म्हणायचा. ताट वाढलं तरी हात लावायचे नाहीत. आधी विचारायचे, "गो सूनबाय, बावीत पाणी किती आसा?" दोर कुठपर्यंत भिजला ते मी सांगायची, मग जेवायचे.

बाव म्हणजे आमची विहीर. मालवणात, समुद्राला लागून, तरी पाणी गोड. दिवस मावळला की तिच्यात कळशी सोडायची नाही. "वरचा पाणी गोडा, खालचा खारा. जास्त काढलास तर खालचा वर येतला," म्हणायचे. पोर तहानेने रडलं तरी मी उजाडेपर्यंत थांबायची.

ते आगबोटीवर खलाशी होते. बोट ग्लासगोला दुरुस्तीला जायची. तिथल्या नदीच्या तोंडावर एक मोठा खडक. इंग्रजांच्याही आधीचे ब्रिटन म्हणून लोक, त्यांचं राज्य त्या खडकावर होतं. गोदीतल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने सांगितलेलं.

"आमच्या किल्ल्यासारखोच," सासरे सांगायचे. "त्या खडकार चाचे गलबतां घेवन इले, वेढो घालून म्हयनेच्या म्हयने बसान रवले. भिंत पडूक नाय. बाव आटली. मगे गेला राज्य."

"आणि माणसां?" मी विचारलं.

"गलबतात भरून व्हेली. गुलाम म्हणान इकली."

शेजारची काकी हसायची. "ग्लासगोकारानू, तुमची बाव लुटूक कोण येतलो?"

"भायरसून कोण येवचो नाय," ते म्हणायचे.

पुढे आमच्या ह्यांनी मुंबईहून इंजिनाचा पंप आणला. माडांना शिंपण करायचं होतं.

"झिला, ह्या बावीक पंप नको," सासरे म्हणाले.

"बाबानू, जग खंय गेला. तुम्ही अजून ग्लासगोतच."

चैत्रभर पंप चालला. माड हिरवेगार झाले. वैशाखात एक दिवस पेज खारट लागली. मी मीठ घातलंच नव्हतं. सासऱ्यांनी पेज संपवली, हात धुतले. त्यानंतर पाणी किती, ते विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माड सुकले. बिऱ्हाड मुंबईला न्यायचं ठरलं. सासरे अंथरुणातून उठले नाहीत. शेवटी मी तोंडात पाणी घातलं.

"खंयचा?"

"काकीकडचा."

"गोडा आसा," म्हणाले. तेवढंच.

दिवस-कार्य झालं. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आधी आम्ही निघालो. आगबोट लांब उभी होती. तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात खलाशी माणसं दाटीने भरत होते. त्या खडकावरच्या बायकांनी कळशा बरोबर घेतल्या असतील काय, असं मनात आलं.

मी आमची घेतली होती. रिकामीच.