‘कोन्तेन्ता’ कधी लिहायचं

दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं निघून गेली, की शेवगावच्या पुढच्या त्या गावात म्हातारीकोतारी, कुत्री आणि मी एवढेच उरायचो. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. “एवढ्या लांब एकटीला राहवायचं नाही तुला,” असं वडील म्हणाले होते आणि “राहून दाखवते” असं तावातावानं सांगून मी एसटीत बसले होते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्यांना पत्र टाकायचे. ‘तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे.’ उत्तरही ठरलेलं, ‘आम्ही येथे खुशाल.’ आई गेल्यापासून घरात ते एकटेच होते, तरी ‘आम्ही’.

दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर म्हणजे स्पेनहून आलेल्या नन. मोतीबिंदूमुळे त्यांना लिहिता येईना, म्हणून बहिणीला धाडायचं पत्र त्या अक्षर अक्षर सांगायच्या आणि मी लिहायचे. मला ओ की ठो कळायचं नाही. एक शब्द मात्र दर पत्रात यायचा, ‘कोन्तेन्ता’. एकदा विचारलं, “म्हणजे सुखी का?”

त्यांचं मराठी गावातल्या बायांकडून आलेलं. म्हणाल्या, “न्हाई, सुखी लई मोठं झालं. जेवून हात धुतल्यावर कसं वाटतं? तेवढंच.”

बाई असेल तर कोन्तेन्ता, पुरुष असेल तर कोन्तेन्तो. चहा मनासारखा झाला तरी म्हणावं, तान्हं पोर दूध पिऊन गप पडलं तरी म्हणावं. पण आज वाटतंय म्हणून उद्याचं सांगू नये, हे त्यांनी बजावलं. एवढ्या अटी घालून वापरायचा शब्द मला काही पटला नाही.

ते दुष्काळाचं साल. विहिरी आटलेल्या, गाव ओस. तीन दिवस एक पेशंट फिरकला नाही, मी त्याच त्या बाटल्या पुसत होते. चौथ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी पत्र सांगितलं, सहीसुद्धा केली.

“सिस्टर, कोन्तेन्ता राहिलं,” मी म्हटलं.

“राहिलं न्हाई. आज न्हाई मी.”

“बहिणीला काळजी लागेल की.”

“लागू दे. बहीन हाय ती माझी.”

मला रागच आला. उभा जन्म परमुलखात काढलेल्या बाईनं असं सरळ कबूल करावं? तिरमिरीतच खोलीवर आले आणि वडिलांना पत्र लिहायला बसले. नमस्कारापर्यंत आले, पुढे ‘खुशाल’ लिहवेना. राग सिस्टरांचा नव्हताच. मग लिहिलं, ‘दादा, येथे फार एकटं वाटतं. संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. नोकरी सोडायची नाही, पण रडू येतं.’

पत्र पेटीत पडलं आणि मी पस्तावले. आता ते येणार, ‘मी सांगत नव्हतो?’ म्हणणार आणि मला घरी नेणार. एसटीचा हॉर्न वाजला की खिडकीतून डोकावून बघायचे.

दहाव्या दिवशी ते आले नाहीत, त्यांचं पत्र आलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं.

‘चिरंजीव मुलीस आशीर्वाद. तुझी आई गेल्यापासून माझीही संध्याकाळ सरत नाही. तुला कसं लिहावं कळत नव्हतं, तू लिहिलंस ते बरं झालं. नोकरी सोडू नकोस. रविवारी येतो.’