कार्डावर नसलेली धाप

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या मराठी घरांत पत्रकं छापून वाटणारी मी एकटीच. विषय एकच: डॉक्टर पेशंटचं ऐकून घेत नाहीत, आणि आपली माणसं त्यांना ऐकवत नाहीत. माझं शेवटचं पत्रक शेजारच्या काकूंनी चकल्यांखाली घातलं. तेल छान टिपतं म्हणाल्या.

त्यामुळे आयर्लंडमध्ये डॉक्टरकी शिकणाऱ्या माझ्या ताईचा फोन आला तेव्हा मला जोरच चढला. तिच्या कॉलेजात एक अभ्यास चालला होता: विद्यार्थ्यांना गप्प बसायला शिकवलं, तर पेशंट जास्त सांगतो का? त्यासाठी व्हिडिओवर बोलणारे खोटे पेशंट हवे होते. प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर दुखणं लिहिलेलं.

मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले. आधी काका बसले. काका म्हणजे काकूंचे मिस्टर, निवृत्त हार्ट स्पेशालिस्ट. स्क्रीनवरच्या आयरिश विद्यार्थिनीनं विचारलं, काय होतंय?

"पित्ताशयात खडे. सोनोग्राफी लिही."

"काका, तुम्ही पेशंट आहात," मी म्हटलं.

"म्हणून काय अडाणी व्हायचं?"

काकांची रवानगी स्वयंपाकघरात झाली. मग काकू बसल्या. त्यांच्या कार्डावर पाठदुखी होती.

"पाठ दुखते. बाकी काही नाही. तू जेवलीस का?"

विद्यार्थिनी जेवली होती. मग ती शिकवल्याप्रमाणे गप्प बसली. आपल्याकडे समोरचा गप्प बसला की लगेच चहा विचारतात. स्क्रीनमधून चहा देता येईना. काकूंनी बांगड्या मागे सारल्या, खिडकीबाहेर पाहिलं.

"कपड्यांची बास्केट घेऊन जिना चढताना धाप लागते," त्या म्हणाल्या. "मध्ये दोनदा बसते. दिवाळीपासून."

मी कार्ड उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"काकू, हे कार्डावर नाहीये."

"माहीत आहे मला."

काका चकली हातात धरून दारात उभे. "दिवाळीपासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

"मध्ये बोलू नका. रिसर्च चालू आहे."

ताईनं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. खरं दुखणं तिच्या अभ्यासाला चालत नाही. उद्याच्या उद्या काकूंना दाखवा, एवढं मात्र तिनं तीनदा बजावलं.

मी काकांवर तुटून पडले. घरात हार्टचा डॉक्टर, आणि बायकोची धाप आधी आयर्लंडला कळते, हा कुठला न्याय?

"आणि तू गं?" काकू म्हणाल्या. "पत्रक द्यायला आलीस तेव्हा तुला सांगायला लागले होते. तू पुढचा मुद्दा काढलास."



दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काकांना आणि मला काकूंबरोबर आत यायची परवानगी मिळाली, ती तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काकू म्हणाल्या, "थोडी धाप लागते. बाकी काही नाही."

बाई टाइप करायला वळल्या. काकांनी तोंड उघडलं. मीही उघडलं. काकूंनी आमच्याकडे नुसतं पाहिलं, आणि दोन्ही तोंडं मिटली. आम्हाला काय झालं ते बघायला बाईही थांबल्या. खोलीत कोणीच बोलेना. चहा तर नव्हताच.

"आणि इथे," काकूंनी छातीवर हात ठेवला, "चालताना जड होतं."

काका खुर्चीच्या कडेला आले. पण बोलले नाहीत.