बाबांच्या हातानं धरलेला माझा हात

लकव्यानं बाबांचा उजवा हात गेला, त्या हिवाळ्यात मी गोल्फ शिकले.

मौद्याच्या वीज केंद्रात इंजिनीअर असताना त्यांना या खेळाचा नाद लागला होता. निवृत्तीनंतर दर रविवारी ते नागपूरच्या मैदानावर जायचे. आजारानंतर क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, पिशवी दाराआड उभीच राहिली. मग एका रविवारी म्हणाले, "मले नुसतं तिथं नेऊन बसव."

मैदानावर धुकं उतरलं होतं. गवतात पांढरं काही दिसलं, की तो चेंडू की बगळा, हे जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. बाबांचा उजवा पायही अजून नीट भार घेत नव्हता, म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवलं. सोबत आणलेल्या पिशवीतला एक क्लब काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"तू मार ना एक."

माझा पहिला फटका हवेतच गेला. दुसऱ्यानं मातीचं ढेकूळ उडालं.

"काहून एवढं आवळून राहिली वं? क्लब काही पळून नाही चालला."

"सैल धरला तर हातातून सुटेल ना, बाबा."

"तुही आई लांब पोळीची सैल कणीक तापल्या खापरावर टाकायच्या आधी हातावर कशी झुलवते? आवळते का कधी?"

त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आपला चांगला, डावा तळवा माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली ठेवला.

"चेंडू राहू दे. हळू वर ने. इथं मनगट मोडू दे, अंगठा आभाळाकडं. हं. आता खाली ये. मनगट एवढ्यात उघडू नको... आता सोड."

मी सोडलं. झोपेत कुणी कूस बदलावी तशी हातातली दोन हाडं एकमेकांवरून वळली आणि क्लब आपोआप पुढे निघून गेला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. माझ्या हातातून ते खेळत होते.

मग आमचे रविवार असेच जाऊ लागले. थंडी सरत आली असताना एकदा मी मारलेला चेंडू धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

"कसा गेला?" बाबांनी विचारलं.

"काय माहीत. हाताला काही लागलंच नाही."

"मंग बरोबर लागला," ते म्हणाले. जरा वेळानं खुर्चीचा दांडा धरत पुटपुटले, "आता मले उभं कर."

मी मागून आधार दिला. त्यांची निर्जीव बोटं क्लबच्या मुठीवर बसवली, वर माझा हात ठेवला. आम्ही दोघांनी मिळून क्लब जेमतेम गुडघ्यापर्यंत नेला. चेंडू थोडासा घरंगळला. आजारपणानंतर पहिल्यांदाच बाबा मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला.

पाय सावरला, पण उजवा हात पुढे फारसा सुधारला नाही. आता ते एकट्या डाव्या हातानं जवळचे फटके मारतात, आणि चुकले की गवतावर चिडतात.